आण्णांची जीप आणि दोन चमचे तेल

मराठीत गाड्या अगदी माणसांसारख्या वागतात. त्या रुसतात, धापा टाकतात, तेल पितात आणि कधीकधी रडतातसुद्धा. मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी, त्यामुळे शाळेत माझी गाडी कायम 'ब्रेकडाऊन'च व्हायची. रुसणाऱ्या आणि रडणाऱ्या गाड्या मला भेटल्या त्या घरी. घर म्हणजे इथेच, कुसगावात. हॉस्टेलच्या मंडळींना घर आठवायला दिवाळीची सुट्टी लागते. माझं घर एक लेक्चर बुडवून जेवून येता येईल इतकं जवळ आहे. (सर, हे वाक्य निव्वळ साहित्यिक आहे!)

आण्णा, म्हणजे माझे वडील, गेली बावीस वर्षं लोणावळ्यात टुरिस्टची जीप चालवतात. स्टेशनवरून भुशी डॅम, लायन्स पॉइंट, कार्ल्याची लेणी, आणि पाहुणे हौशी निघाले तर दुधिवरे खिंडीतून थेट पवना धरणापर्यंत. सगळ्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, आमच्या घराचं जूनमध्ये. पावसाळ्यातले शनिवार-रविवार जेवढे भरतील तेवढं आमचं वर्ष भरतं. माझी फी, धाकट्याचा क्लास, गाडीचा हप्ता, सगळं त्या तीन-साडेतीन महिन्यांच्या पावसावर.

आणि नेमकं गेल्या जूनमध्ये जीपचं स्टेअरिंग जड झालं.

आण्णांनी तक्रार सांगितली ती अशी: "सकाळी स्टार्टर मारला की रडतं. वळवताना जास्त रडतं. गरम झाली की जरा गप होतं. आणि तेल पितंय बघ. तीन महिन्यांत ही दुसरी बाटली." गॅरेजमध्ये बॉनेट उघडून मिनिटभर आवाज ऐकला गेला आणि निकाल लागला: पॉवर स्टेअरिंगचा पंप गेलाय, नवीन टाका. रक्कम पाच आकडी. त्या दिवशी मंगळवार होता. शनिवारचं बुकिंग झालेलं होतं.

आई म्हणाली, "हिला विचारा की. तीन वर्षं मेकॅनिकल शिकतेय, तेवढं तरी सांगेल."

मित्रांनो, व्हायवाला एक्स्टर्नल समोर बसतो तेव्हा जे पोटात होतं, ते त्या क्षणी झालं. फरक एवढाच की इथे उत्तर चुकलं तर केटी लागत नाही, हप्ता थकतो.

आधी आण्णांच्या 'पितंय' या शब्दाचा विचार करू. इंजिन तेल पितं हे खरं असू शकतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑईल वर जाऊन जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर बनून बाहेर पडतं. पण पॉवर स्टेअरिंगमध्ये तेल जळायला जागाच नाही. डबीतून तेल पंपाकडे जातं, पंप त्याला दाब देऊन स्टेअरिंग गिअरकडे पाठवतो, तिथे काम करून ते परत डबीत येतं. बंद वर्तुळ आहे ते. त्यात तेल जुनं होतं, काळं पडतं, पण संपत नाही. डबीतली पातळी खाली गेली असेल तर तेल कुठूनतरी बाहेर गेलेलं आहे. नवी बाटली ओतणं म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी भरत राहणं. घागर भरलेली दिसते, भोक तिथेच असतं.

या वर्तुळात ताकद किती असते हेही बघा. बारावीत सगळ्यांनी घोकलेला पास्कलचा नियमच इथे कामाला येतो. समजा पंपाने ७० बार दाब दिला आणि गिअरमधल्या पिस्टनचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर आहे. गुणाकार करा: ७००० न्यूटन, म्हणजे साधारण ७०० किलोचा रेटा! म्हणून तर जागेवर उभी असलेली दीड टनाची गाडी एका हाताने वळते. अमेरिकेतला फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर पिअर्स-ॲरो या कंपनीत काम करायचा. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे होणारे हाल त्याला माहीत होते. १९२६ मध्ये त्याने आपलं हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात ते चिलखती गाड्यांवर वापरलं गेलं. पण साध्या गिऱ्हाइकाच्या मोटारीत यायला त्याला १९५१ साल उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. म्हणजे पंचवीस वर्षं! आपल्या बीई प्रोजेक्टला एका सेमिस्टरमध्ये रिझल्ट हवा असतो.

आजच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत हे तेल नसतंच. तिथे इलेक्ट्रिक मोटर स्टेअरिंगला मदत करते. तेव्हा घरच्या गाडीच्या बॉनेटखाली स्टेअरिंगच्या तेलाची डबी सापडली नाही तर घाबरून जाऊ नका, ती कोणी चोरलेली नाही. पण जुन्या गाड्या, जीप, मालवाहू टेम्पो, ट्रक या मंडळींचं अजूनही तेलावर चालतं, आणि आपल्यापैकी निम्म्याहून जास्त जणांच्या घरी, गावी, काका-मामाकडे अशीच गाडी उभी असते.

आता पुन्हा आमच्या अंगणात. मी पहिलं काम केलं ते वहीवर. तीन महिन्यांत अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे ९० दिवसांत १ लिटर. भागाकार केला तर दिवसाला सुमारे ११ मिलिलिटर. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर दिवसाला दोन चमचे. कुसगावच्या जूनमध्ये, जिथे आभाळच दिवसभर गळत असतं, तिथे दोन चमचे तेल कोणाला दिसणार? पण जीपच्या अख्ख्या सिस्टीममध्ये तेल मावतं तेच साधारण लिटरभर. म्हणजे ओतलं नसतं, तर तेवढ्या दिवसांत ती पूर्ण कोरडी झाली असती.

मग गाडी शेडमध्ये घेतली. आधी अगदी साध्या गोष्टी: पुढच्या टायरमधली हवा. हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड लागतं, आणि ती तपासायला पंपवाला पैसेही घेत नाही. हवा बरोबर होती. नंतर पंप फिरवणारा बेल्ट पाहिला. सैल झालेला किंवा ओला बेल्ट घसरतो आणि चिरकतो, विशेषतः स्टेअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर. आण्णांना विचारलं, "आण्णा, चिरकतं की रडतं?" ते म्हणाले, "अगं रडतंच. कुत्र्याचं पिल्लू कोंडल्यासारखं. चिरकलं असतं तर मीच बेल्ट बदलला नसता का!" बेल्ट बाद झाला, म्हणजे संशयितांच्या यादीतून.

मग डबीचं झाकण. इंजिन चालू करून, बंद करून, लगेच आत पाहिलं. तेल खालच्या खुणेच्याही खाली, आणि वर ताकावर येतो तसा फेस. हा फेस फार बोलका असतो. फेस म्हणजे तेलात हवा मिसळली. पंपाला तेल दाबता येतं. हवेचे बुडबुडे मात्र दाबाखाली चेपतात, फुटतात आणि पंप कण्हायला लागतो. व्हायवाला आपण सगळे 'कॅव्हिटेशन' म्हणून मोकळे होतो. पण कॅव्हिटेशनमध्ये बुडबुडे त्या द्रवाच्याच वाफेचे असतात. इथे हवा बाहेरून आत येत होती, त्याला 'एअरेशन' म्हणतात. फरक फक्त मार्कांचा नाही. कॅव्हिटेशन म्हटलं की डोळा पंपाच्या आत जातो, एअरेशन म्हटलं की तो पंपाच्या बाहेरचं भोक शोधायला लागतो.

भोक शोधायचं कसं? रॉकेलच्या फडक्याने डबी, पंप, सगळे पाईप आणि जोड पुसून कोरडे केले. खाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरला. त्यावर खडूने पुढच्या चाकांच्या जागा आखल्या, म्हणजे डाग कशाच्या खाली पडला ते सकाळी कळेल. डबी खुणेपर्यंत भरली. आण्णांनी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून स्टेअरिंग इकडून तिकडे वळवलं. सगळे जोड कोरडे! आण्णा माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "बंद करा आणि झोपा."

सकाळी पुठ्ठ्यावर तांबूस डाग. एक नाही, एकावर एक पडलेल्या थेंबांचा वाटीएवढा गोल. एसीचं पाणी असतं तर ते वाळून गेलं असतं. इंजिन ऑईल काळपट असतं. कूलंट हिरवं, गुलाबी, क्वचित लालही असतं, पण ते बोटांत पाण्यासारखं लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. हे बोटाला बुळबुळीत लागलं आणि रंगाने लाल होतं, म्हणजे एटीएफ जातीचं तेल. वर पाहिलं तर डबीतून पंपाकडे येणाऱ्या रबरी पाईपच्या खालच्या टोकाला एक थेंब लटकत होता.

इथे सगळी लक्षणं एका ओळीत येऊन उभी राहिली. डबीपासून पंपापर्यंतचा पाईप हा ओढणाऱ्या बाजूचा. इंजिन चालू असताना त्यात दाब नसतो, उलट ओढ असते. त्यामुळे त्याला चीर पडली किंवा क्लॅम्प ढिला झाला की चालू गाडीत तो बाहेरची हवा आत ओढतो. गाडी बंद झाली की डबीतलं तेल स्वतःच्या वजनाने त्याच चिरेतून खाली टिपकतं. चालू असताना शोधणाऱ्याला गळती दिसत नाही. आणि सकाळीच का रडायचं? थंडीत तेल घट्ट असतं, पंपाला ते जोर लावून ओढावं लागतं, म्हणून हवाही जास्त ओढली जाते. गरम झालं की तेल पातळ होतं, ओढ कमी होते, आणि रडणं थांबतं. आण्णांनी चार वाक्यांत अख्खा केस पेपर सांगितला होता. फक्त तो वाचायचा राहिला होता.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. इंजिन बंद असताना त्या जोडाभोवती जाड ग्रीस लिंपायचं, मग स्टार्ट करून ऐकायचं. ग्रीसने चीर तात्पुरती बुजली आणि रडणं कमी झालं, तर चोर सापडला. आमचं रडणं दोन मिनिटांत निम्म्यावर आलं. (बॉनेटखाली डोकं घालताना ओढणी घरात ठेवावी, वेणी वर बांधावी. पंख्याला आणि बेल्टला मुलगा-मुलगी कळत नाही.)

गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. आवाज खरंच पंपातूनच येत होता. पण रडणाऱ्याला मारण्याआधी त्याला कोण चिमटे काढतंय ते बघावं. नवा पंप टाकला असता तर तोही महिनाभराने त्याच हवेवर रडायला लागला असता. आणि असंच दुर्लक्ष करून बाटल्या ओतत राहिलो असतो, तर आतून झिजून जुना पंप खरोखरच गेला असता.

लोणावळ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्याच आतल्या व्यासाचा पाईप आणला, तेलाला टिकणाऱ्या रबराचा. हे महत्त्वाचं. बागेचा किंवा रेडिएटरचा पाईप तेलाने फुगतो आणि मऊ पडतो. दोन नवे क्लॅम्प घेतले. गुरांना औषध पाजायची मोठी सिरिंज शेजाऱ्यांकडे होती, तिने डबीतलं जुनं तेल उपसलं, पाईप बदलला, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच तेल भरलं. ब्रेकचं तेल इथे चुकूनही ओतायचं नाही. ते ग्लायकॉलचं असतं आणि पॉवर स्टेअरिंगची रबरी सीलं खराब करतं. स्टेअरिंगचं तेल ब्रेकमध्ये पडलं तर त्याहून वाईट, कारण मग ब्रेकची सीलं फुगतात.

जुनं तेल ओढ्यात ओतलं नाही. इंद्रायणीचा उगम आपल्या शेजारच्या कुरवंड्याचा. आपण इथे जे सोडतो ते पुढे देहू-आळंदीला जातं, जिथे लोक ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. डब्यात भरून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिलं.

मग राहिली हवा काढायची. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड (मावळात दगडांना तोटा नाही). पुढची बाजू जॅकने उचलून ट्रॅक्टरवाल्या काकांकडून आणलेल्या दोन पक्क्या स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नये. इंजिन बंद ठेवून आण्णांनी स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं. मी डबीजवळ उभी राहून बुडबुडे मोजत होते आणि पातळी उतरली की तेल घालत होते. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केलं, पुन्हा तसंच फिरवलं. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, पाच सेकंदसुद्धा नाही. तिथे दाब कमाल असतो आणि तेल भराभर तापतं. मग अर्धा तास गाडी तशीच सोडली. फेस बसला. शेवटी मार्करने डबीवर पातळीची रेघ मारली आणि तारीख लिहिली. ही रेघ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'आता बरी आहे' हे मत झालं, रेघ हा पुरावा आहे.

पाईप, क्लॅम्प, तेल मिळून खर्च हजाराच्या आत. शनिवारी जीप दुधिवरे खिंड चढून पवनेला गेली आणि आली. दोन आठवड्यांनी तेल रेघेवर होतं. आण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "पुठ्ठा टाकून देऊ का ठेवू?" आमच्याकडे ही पदवीदान समारंभाएवढी गोष्ट आहे.

पण घरी काय करायचं नाही, हेही सांगायला हवं. पंपातून गिअरकडे जाणारा पाईप दाबाचा. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. इथे ७० ते १०० बार तेल असतं. त्याची बारीक पिचकारी कातडी फोडून आत शिरू शकते. म्हणून त्या बाजूची गळती कधीही बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची, आणि दुरुस्ती गॅरेजला द्यायची. गळती गरम एक्झॉस्टवर पडत असेल तर गाडी तिथेच थांबवायची, कारण हे तेल पेट घेतं. एकाच बाजूला जड जात असेल, स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा असेल, तेलात धातूची चमक दिसत असेल, तर ते काम अंगणातलं नाही. आणि चालत्या गाडीत एकदम जड झालंच तर घाबरून स्टेअरिंग सोडायचं नाही. चाकांशी त्याचा लोखंडी संबंध शाबूत असतो. गाडी वळते, फक्त दोन्ही हातांनी आणि जोर लावून वळते. घाटात हे माहीत असणं आणि नसणं यात मोठा फरक पडतो.

आपण इथे चार वर्षं बरेच शब्द जमा करतो, त्यातले बहुतेक इंग्रजी. घरची माणसं त्याच गोष्टी दुसऱ्या शब्दांत रोज सांगत असतात. 'रडतं' म्हणजे हवा. 'चिरकतं' म्हणजे बेल्ट. 'पितंय' म्हणजे गळतंय. 'हिसके देतं' म्हणजे तेल कमी किंवा हवा जास्त. हा शब्दकोश कुठल्याही लायब्ररीत मिळत नाही. तो गाडी बावीस वर्षं चालवलेल्या माणसाकडे असतो, आणि आपण विचारलं तरच तो उघडतो.

तेव्हा हॉस्टेलच्या मंडळींनो, या सुट्टीत घरी गेलात की फराळाआधी एकदा बॉनेट उघडा. गाडी रात्री उभी होती त्या जागेवर पुठ्ठा टाका. आणि वडिलांना एवढंच विचारा, "वर्षात किती बाटल्या ओतल्या?" उत्तर 'एकसुद्धा नाही' असं आलं, तर निवांत चकल्या खा. उत्तर एकाहून जास्त आलं, तर वही काढा आणि रोजचे चमचे किती ते मोजा.